संत्र्यांच्या गावाहून कॉफीची पुडी

नागपूरला निघालो की आमच्या नाशिकची मंडळी एकच फर्मान काढतात: येताना संत्री आण, आणि जमलं तर संत्रा बर्फी. डिसेंबरात चार दिवस ताईकडे राहून परवा परतलो. बर्फी आणली, संत्रीही दोन डझन आणली, पण बॅगेत जास्त जागा अडवली ती कॉफीच्या पुड्यांनी. हे कसं झालं ते ऑफिसात तीनदा सांगून झालंय आणि दर वेळी काहीतरी निसटतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी माणसं सांगतो. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, तीस वर्षं नागपुरात. आता ती आमच्याशी फोनवरही 'स्वयंपाक करून राहिली' असंच बोलते. भाऊजी रेल्वेतून निवृत्त. अजनीला असताना त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक तमिळ साहेब होते. साहेब बदली होऊन गेले, पण कॉफीची सवय भाऊजींकडे ठेवून गेले. भाची पंचविशीची, घरून काम करते. बापाशी तिचं सगळ्या बाबतीत पटतं, कॉफी सोडून.

पहिला दिवस: भेटवस्तूची फजिती

रात्रीची गाडी, सकाळी तासभर उशिरा नागपूर. थंडीचं आम्हा नाशिककरांना फारसं कौतुक नाही, निफाडचा पारा दरवर्षी पेपरात छापून येतो. तरी स्टेशनाबाहेर आलो तर धुक्यात समोरची रिक्षा दिसेना आणि कानशिलं सुन्न. भाऊजी मफलर गुंडाळून न्यायला आले होते. घरी न जाता त्यांनी गाडी थेट तर्री पोह्यांच्या ठेल्यावर उभी केली. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड. दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं आणि थंडी कुठल्या कुठे गेली. "अजून तर्री घे ना बाप्पा, तिचे पैसे नाही लागत," भाऊजी म्हणाले. मी घेतली. चूक केली.

फजिती झाली ती चार वाजता. नाशिकहून निघताना भाऊजींसाठी म्हणून मी एक झोकदार पाकीट घेतलं होतं. शंभर टक्के अरेबिका (कॉफीची एक जात), हलकी भाजलेली, पाव किलोला साडेसहाशे रुपये. चवीत जर्दाळू आणि मध आहे, असं पाकिटावर लिहिलेलं. ताईने कौतुकाने ती पूड स्टीलच्या फिल्टरमध्ये भरली, वीस मिनिटांनी उतरलेला अर्क गरम दुधात घातला, साखर घातली आणि पेले आणून ठेवले. रंग पाहूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. पातळ खिरीसारखा फिकट.

भाऊजींनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवला.

"साळेबुवा, तुमच्या नाशिकले द्राक्षं पिकतात म्हणून कॉफीबी आंबट पिता का?"

"बाबा, ही दुधात घालायची नसतेच," भाची म्हणाली.

"मग कशात घालायची?"

"कशातच नाही. नुसती प्यायची."

"म्हणजे मोरीत," असं म्हणून भाऊजी उठले आणि स्वतःची पुडी काढून नव्याने फिल्टर लावायला गेले.

खरं सांगतो, मला लागलं. पैसे गेल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त म्हणजे, अरेबिका म्हणजे उत्तम आणि रोबस्टा ही दुसरी जात म्हणजे भरतीचा माल, एवढं ज्ञान बाळगून मी इतकी वर्षं दुकानात ऐटीत पाकिटं निवडत होतो. भाऊजींच्या पुडीत रोबस्टा होता, वर चिकोरी नावाची भाजलेली मुळीही मिसळलेली होती, आणि त्यांची कॉफी माझ्या कॉफीपेक्षा चांगली लागली. दोन पेले प्यायलो. रात्री एकपर्यंत झोप नाही. त्याचंही कारण दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरा दिवस: बर्डीवरचे डबे

नागपुरात सीताबर्डीला कुणी सीताबर्डी म्हणत नाही, नुसतं बर्डी. मेन रोडवरून आत एका बोळात भाऊजींचं नेहमीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन रिक्षा उभ्या राहतील एवढी जागा, तीही निम्मी दळणाच्या यंत्राने खाल्लेली. वास मात्र बोळाच्या तोंडापासून हात धरून आत नेतो. भिंतीला पत्र्याचे डबे, त्यांवर खडूने लिहिलेलं: प्लांटेशन ए, पीबी, रोब. चेरी, चिकोरी. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. आजोबा कर्नाटकातून आलेले. अण्णांची मराठी मात्र भाऊजींइतकीच नागपुरी.

भाऊजींनी माझी तक्रार तिखटमीठ लावून सांगितली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी काउंटरवर जुना पेपर अंथरला, दोन डब्यांतून दोन मुठी बिया ओतल्या आणि म्हणाले, "रंग नका पाहू. चीर पाहा."

मी चष्मा वर करून वाकलो. डाव्या ढिगातली बी लांबट, जराशी चपटी, आणि तिच्या पोटावरची चीर नागमोडी, इंग्रजी एस अक्षरासारखी. चिरेत पांढुरक्या सालीचा धागा अडकलेला. उजव्या ढिगातली बी ठेंगणी, गोलसर, आणि चीर सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. डावी अरेबिका, उजवी रोबस्टा. इतकं सोपं. इतकी वर्षं मी पाकिटावरची जाहिरात वाचत होतो, बी कधी उलटी करून पाहिलीच नव्हती.

मग अण्णांनी दोन्ही चावून पाहायला लावल्या. अरेबिका चावली तर आधी करकरीत, मग आंबटगोड, आणि वास नाकात चढणारा. रोबस्टाने तोंड कडू केलं आणि तो कडूपणा हटेना. त्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट: अरेबिकात साधारण १.२ टक्के, रोबस्टात २.२ च्या आसपास. कॅफिन स्वतः कडू असतं, आणि झाडाच्या दृष्टीने ते किडीपासून बचावाचं हत्यार. अरेबिकात साखर आणि तेल जास्त, म्हणून तिचा वास मोठा. माझी गेलेली झोप भाऊजींच्या दोन पेल्यांच्या खाती जमा झाली.

झाडांचे स्वभावही वेगळे. आपल्याकडे अरेबिका साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर, गारव्यात, सावलीत वाढते. रोबस्टा ५०० ते १००० मीटरवर, उकाडा सोसून. अरेबिकाच्या नशिबी खोडकिडा आणि पानांवरचा तांबेरा. याच तांबेऱ्याने १८६९ नंतर श्रीलंकेतली कॉफी बसवली आणि तिथले मळेवाले चहाकडे वळले. रोबस्टा अशा रोगांना सहजी दाद देत नाही, नावच तसं आहे. जगात आजही निम्म्याहून जास्त कॉफी अरेबिका. भारतात गणित उलटं: दहा पोत्यांतली सात रोबस्टाची, आणि त्यातली बहुतेक कर्नाटक नि केरळातली. बाबा बुदान यांनी मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही दंतकथा अण्णांनी सांगितलीच. ती सांगितल्याशिवाय कॉफीवाला दुकान बंद करत नसावा.

"मग पीबी ही तिसरी जात का?" मी विचारलं. मला तसंच वाटत होतं, डब्यावर वेगळं नाव होतं ना.

जात नाही. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया पोटाला पोट लावून वाढतात, म्हणून त्यांची एक बाजू चपटी. काही फळांत एकच बी धरते. तिला दाटीवाटी नसल्याने ती वाटाण्यासारखी गोल होते. ती पीबी, पीबेरी. अरेबिकातही निघते, रोबस्टातही. गोल असल्याने भाजताना भांड्यात छान लोळते आणि सगळीकडून सारखी भाजते, म्हणून तिचे चाहते आहेत. 'प्लांटेशन' आणि 'चेरी' याही जाती नाहीत. फळ सोलून, धुऊन वाळवलेली अरेबिका म्हणजे प्लांटेशन. तशाच रीतीने काढलेला रोबस्टा म्हणजे पार्चमेंट. फळासकट उन्हात वाळवली तर दोन्ही चेरी. ए आणि एए हे नुसते चाळणीचे आकार.

खरी तिसरी जात अण्णांनी काचेच्या बरणीतून काढली. मोजून आठ-दहा बिया, विकायला नाहीत, दाखवायला ठेवलेल्या. लिबेरिका. आकाराने मोठ्या, एका टोकाला निमुळत्या, वाकड्या बदामासारख्या. हिचं झाड खरोखरच झाड होतं, उंच वाढतं. फिलिपिन्स, मलेशियात पितात, आपल्याकडे कुर्गात कुठे कुठे मळ्याच्या कडेला उभं दिसतं. चौथं नाव ऐकू येतं ते एक्सेल्सा. २००६ साली शास्त्रज्ञांनी तिला लिबेरिकाच्याच घरात नेऊन बसवलं, अलीकडे पुन्हा तिला वेगळं घर द्यावं असं म्हणणारेही आहेत. बाजारात आपला संबंध येतो तो पहिल्या दोघींशीच. मात्र लिबेरिकाचं थोडं रक्त आपण नकळत पीत आलो आहोत. भारतात खूप लावलेला एस-७९५ हा अरेबिकाचा वाण आहे ना, त्याच्या पूर्वजांत ती आहे.

भाऊजींचा नुस्खा अण्णांच्या वहीत लिहिलेलाच होता: साठ भाग प्लांटेशन ए, चाळीस भाग रोबस्टा, आणि झालेल्या पुडीत वीस टक्के चिकोरी.

"रोबस्टा कशाला? स्वस्त पडतो म्हणून?" मी विचारलं.

"स्वस्त तर आहेच, खोटं काहून बोलू," अण्णा म्हणाले. "पण तुमची ती आंबटगोड बाई दुधात बुडते जी. दूध सोसाले दम लागते. आणि ज्याले काळी प्यायची त्याले मी चाळीस टक्के रोबस्टा देतच नाही."

मी तीन पुड्या बांधून घेतल्या: नुसती अरेबिका, नुसता रोबस्टा, आणि भाऊजींचं मिश्रण पण चिकोरीशिवाय. पहिल्या दोन अख्ख्या बियांच्या, तिसरी तिथेच दळून.

(जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी आहे, कॉफी नाही आणि तिच्यात कॅफिनही नाही. ती रंग आणि दाटपणा देते. वाईट नाही, पण किती आहे ते माहीत हवं. पाकीटबंद मिश्रणावर दोन्हींचे टक्के छापणं बंधनकारक आहे आणि कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. घरी जाऊन डबा उलटा करून पाहा, माझ्या डब्यावर ५३-४७ निघाले. आणि पुडी घेताना भाजल्याची तारीख विचारा. अण्णांना विचारली तर त्यांनी वार सांगितला.)

संध्याकाळी सदरला इंडियन कॉफी हाऊसमध्ये गेलो. पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा घातलेले वाढपी, जाड कपबशा. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली, पहिली १९५७ मध्ये बंगळूरला. भाऊजींनी डोसा मागवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सांबार घेशील ना?" गंमत अशी की नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. सकाळीच ताईने भाजीवाल्याकडून दहा रुपयांचा सांबार घेतला होता आणि मी पिशवीत डबा शोधत बसलो होतो.

तिसरा दिवस: धरमपेठ, आणि सावजी कॉफी

आज भाचीची पाळी. सीताबर्डीला मेट्रो बदलून अ‍ॅक्वा लाइनने शंकरनगरला उतरलो, तिथून चालत धरमपेठ. वाटेत कॉफी हाऊस चौक लागला. नागपूरकर पत्ता सांगताना हा चौक इतक्या सहजतेने सांगतात की त्या नावात कॉफी आहे हे त्यांच्या लक्षातही येत नसावं. (हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत जाणार असाल तर हॉटेलं आधी ठरवा आणि विधानभवनाच्या बाजूला गाडीने जाण्यापेक्षा मेट्रोच बरी.)

भाचीच्या कॅफेत खुर्च्या कमी, झाडं जास्त. कागदी गाळणीतून केलेली काळी कॉफी आली, काचेच्या पेल्यात, चिकमगळूरची अरेबिका, हलकी भाजलेली. म्हणजे माझ्या पाकिटाचीच बहीण. पहिला घोट घेताना भाऊजींचं द्राक्ष आठवलं. पण हिच्यात दूध नव्हतं, साखर नव्हती, आणि आंबटपणा लिंबाच्या सरबतासारखा स्वच्छ वाटला. थोडी गार होऊ दिली तर गोडसर झाली. शेवटी तळाशी राहिलेला घोट सगळ्यात छान. जर्दाळू काही मला सापडला नाही, पण पाकीटवाला अगदीच थापा मारत नव्हता. अशी हलकी भाजलेली अरेबिका दुधात घालून मीच तिची माती केली होती.

"मामा, तुम्हाला एक सांगू?" भाची म्हणाली. "बाबांना अजून सांगितलं नाही मी. अरेबिका मुळात रोबस्टाचीच पोर आहे."

मला आधी वाटलं थट्टा करते आहे. पण खरंच तसं आहे. लाखो वर्षांपूर्वी आफ्रिकेत कॅनेफोरा, म्हणजे आपला रोबस्टा, आणि युजेनिऑइड्स नावाची दुसरी रानजात यांचा आपोआप संकर झाला आणि त्यातून अरेबिका जन्मली. म्हणून रोबस्टाची गुणसूत्रं २२, आणि अरेबिकाची ४४, दोन्ही घरची. अरेबिकाचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, रोबस्टाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. ज्याला आपण घराण्यातला गरीब नातेवाईक समजतो तो प्रत्यक्षात बाप निघाला.

घरी परतल्यावर तिने हे बापाला ऐकवलंच. "बाबा, माझी कॉफी तुमच्या कॉफीची लेक आहे."

"म्हणूनच बापाचं ऐकत नाही," भाऊजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

रात्री जेवणानंतर परीक्षा घ्यायची ठरली. कोणत्या पेल्यात काय आहे ते फक्त मला माहीत, बाकी तिघं परीक्षक. मी उत्साहाने अरेबिकाच्या बिया मिक्सरमध्ये फिरवल्या, गरम पाणी ओतलं, झाकण उघडलं आणि खमंग मसाल्याचा वास आला. दुपारी ताईने त्याच भांड्यात सावजी रश्श्याचा मसाला वाटला होता: खसखस, लवंग, दगडफूल, मिरे, सुकं खोबरं. भांडं धुतलेलं होतं, पण सावजी मसाला धुऊन जाईल तर तो सावजी कसला. भाऊजींनी ती पहिली फेरी आवडीने प्यायली. "आता कशी झाली," म्हणाले.

भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून ते पुसून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक पेल्याला दहा ग्रॅम पूड, दीडशे मिली पाणी, चार मिनिटं, गाळणी तीच. आधी तिन्ही काळ्या, बिनसाखरेच्या.

ताई चहावाली. कॉफीतलं आपल्याला काही कळत नाही म्हणून ती बसायलाच तयार नव्हती, आणि सगळ्यात नेमकं तीच बोलली. पहिला पेला, अरेबिका: "आमसुलाच्या साराचं वरचं पाणी असते ना, तसं. पण वास किती सुंदर येऊन राहिला." दुसरा, रोबस्टा: "फुटाणे. जरा करपलेले. आणि खाली ओल्या पोत्याचा वास." तिसरा, मिश्रण: "हे दोघांच्या मधलं, याचं काही सांगता येत नाही." भाचीने अरेबिकाला पसंती दिली, त्यात नवल नव्हतं. भाऊजींनीही तिलाच दिली. वर ठामपणे म्हणाले, "हा आपल्या अण्णाचा माल, मी डोळे मिटून ओळखतो." माल अण्णांचाच होता, पण ज्याला त्यांनी परवा मोरी दाखवली त्याच जातीचा. जरा जास्त भाजलेला, एवढंच.

मग दुसरी फेरी. तीच पूड दुप्पट घेऊन दाट अर्क, त्यात तितकंच गरम दूध, प्रत्येकी एक चमचा साखर. आता अरेबिकाच्या पेल्याला ताई म्हणाली, "हे तर दूधच आहे, कॉफी घालायची विसरला का तू?" रोबस्टा पेल्यात मात्र पाय रोवून उभा होता. काळ्यात जो कडूपणा जीव घेत होता तोच दुधात चॉकलेटसारखा लागत होता, ओल्या पोत्याचा वास कुठल्या कुठे. आणि तिसरा पेला. त्याच्याविषयी कुणी काही बोललंच नाही. मी वहीत लिहायला थांबलो होतो, मान वर करून पाहिलं तर तिघांचे पेले रिकामे.

निकाल सांगितला. भाऊजी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "काळी होती तवा गाळणी चांगली लागली असंल."

(घरी करून पाहायचं असेल तर: अख्ख्या बिया घ्या आणि लागेल तेवढ्याच दळा. डबा हवाबंद, उजेडापासून लांब. फ्रिजमध्ये नको, कॉफी शेजारच्या लसणाचा वास ओढून घेते. आणि मिक्सरचं वेगळं भांडं ठेवा, हे मी अनुभवाने सांगतोय.)

चौथा दिवस: कळमना

परतीची गाडी संध्याकाळी. सकाळी भाऊजींबरोबर कळमन्याच्या बाजारात संत्री घ्यायला. धुक्यात केशरी ढीग, पोत्यांच्या शेकोट्या, चहाचे ग्लास. काटोलकडचे एक शेतकरी भेटले, माल उतरवून निवांत बसले होते. अंबिया बहाराची फळं आता संपत आली, मृगाची फेब्रुवारी-मार्चात येतील, असं सांगत त्यांनी एक संत्रं सोलून हातावर ठेवलं. साल सैल, आपोआप सुटणारी.

बोलता बोलता ताणाचा विषय निघाला. मृग बहार हवा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, पानं गळेपर्यंत. मग पाऊस पडला की झाड फुलांनी भरून येतं. मला अण्णांचं बोलणं आठवलं. कॉफीचंही असंच आहे. हिवाळा कोरडा गेला पाहिजे, मग मार्च-एप्रिलात एक नेमकी सर पडली पाहिजे. मळेवाले तिला ब्लॉसम शॉवर म्हणतात. सर पडली की आठ-दहा दिवसांत अख्खा डोंगर पांढरा होतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. रोबस्टाचे बागायतदार तर पावसाची वाट न पाहता फेब्रुवारी-मार्चात तुषार सिंचनच लावतात. मी हे सांगितल्यावर ते शेतकरी चहा प्यायचे थांबले.

"आणि सर आलीच नाही त?"

"मग पीक बुडतं."

"आपल्यासारखंच आहे म्हणा की," ते म्हणाले आणि आणखी एक संत्रं सोललं.

कुर्गातले मळेवाले कॉफीच्या झाडांमध्ये पूर्वीपासून संत्रीच लावत आले आहेत, हेही त्यांना सांगितलं. कुर्गी संत्रं वेगळं, आपलं नागपुरी वेगळं, दोन्हींना भौगोलिक मानांकन. यावर त्यांचा चेहरा जरा बदलला. "गोड आमचंच," म्हणाले. मी कुर्गी संत्रं खाल्लेलं नाही, म्हणून वाद घातला नाही.

दुपारी बर्डीला पुन्हा एक फेरी. घरी न्यायला अर्धा किलो भाऊजींचं मिश्रण, चिकोरीसकट. अण्णांनी पुडी बांधली, कानावरचं बॉलपेन काढून तिच्यावर काहीतरी खरडलं. स्टेशनवर ताईने दशम्या आणि सांबारवडी दिली, भाचीने आपली कागदी गाळणी दिली. भाऊजींनी काही दिलं नाही, पण माझं साडेसहाशेचं पाकीट परत नेतोस का असं विचारल्यावर म्हणाले, "राहू दे इथंच."

गाडीत रात्रभर डब्यात कॉफीचा वास. वरच्या बर्थवरचे काका दोनदा खाली वाकून विचारून गेले, पँट्रीवाला आला होता का.

पहाटे नाशिक रोड. घरी पोचून पुड्या ओट्यावर ठेवल्या आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर बायको पुडी हातात घेऊन उभी. अण्णांनी लिहिलं होतं: '६०-४०, चि. २०'.

"साठ-चाळीस ठीक आहे," ती म्हणाली, "पण हा वीस वर्षांचा चिरंजीव कोण?"